हाडाचं माप

पाकिटाच्या दर्शनी बाजूला चित्र असतं. उंच, सडपातळ बाई, एक हात कमरेवर, अंगावर कुठेही न ओढलेला, कुठेही न लोंबणारा झगा. पाकीट उलटलं की तक्ता: छाती, कंबर, सीट आणि त्यांच्यापुढे नंबर. अमेरिकेत राहणाऱ्या, दुकानात सहा नंबरचा ड्रेस उचलायची सवय झालेल्या मराठी बाईने हा तक्ता पहिल्यांदा वाचला की तिला धक्का बसतो. तिची छाती ३४ इंच. सिंप्लिसिटी, मॅकॉल्स, बटरिक, व्होग, यांतलं कोणतंही पाकीट घ्या, ३४च्या पुढे लिहिलेलं असतं १२. तेही कंबर साडेसव्वीस आणि सीट ३६ असेल तर. कंबर २९ निघाली, तर तक्ता तिला १४ आणि १६च्या मध्ये उभं करतो.

इथे बहुतेक जणी दोनपैकी एक करतात. काहींचा तक्त्यावर विश्वासच बसत नाही. त्या आपला दुकानातला नंबर धरून ‘फार तर आठ’ घेतात. आठ नंबर साडेएकतीस इंच छातीसाठी काढलेला असतो, त्यामुळे तो कपडा पुढून मिटत नाही. बाकीच्या तक्त्यावर नको इतका विश्वास ठेवतात. आपलं सगळ्यांत मोठं माप ज्या रकान्यात बसेल तो नंबर कापतात आणि खांदे दंडावर उतरलेला, गळा उघडा पडलेला, काखेत बोळा होणारा कपडा शिवून बसतात. ‘मोठा झाला तर आत घेता येईल’ हा त्यामागचा हिशेब. तो कंबरेपुरता खरा आहे. बाजूच्या शिवणी आत घ्यायला दहा मिनिटं लागतात, पण एकदा रुंद कापलेला गळा कुठल्याही शिवणीने अरुंद होत नाही. खांदा आत घ्यायचा तर बाही उसवावी लागते, बाही उसवली की मुंढा बदलतो, मुंढा बदलला की तीच बाही परत बसत नाही. घरी शिवलेले कितीतरी कपडे कपाटात तसेच पडून राहतात ते या एका साखळीमुळे.

पॅटर्न म्हणजे कपड्याच्या प्रत्येक भागाचा पुऱ्या आकाराचा कागद. पुढचा भाग, मागचा भाग, बाही, कॉलर. कापडावर ठेवायचं, टाचण्या लावायच्या, कापायचं. आपल्याकडे यालाच पेपर कटिंग म्हणतात. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात बायकांच्या मासिकांमधून कपड्यांच्या छोट्या आकृत्या छापून येत. त्या मोठ्या करून अंगाच्या मापाला आणणं वाचणारीच्या हुशारीवर सोडलेलं असे. मादाम डेमोरेस्ट या नावाने प्रसिद्ध झालेल्या एलन कर्टिस डेमोरेस्टने पूर्ण आकाराचे कागद विकले, पण ते एकाच मापाचे. मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावचा शिंपी एबेनेझर बटरिक याने १८६३ मध्ये एकाच कपड्याचे वेगवेगळ्या मापांचे कागद काढायला सुरुवात केली. मापात कागद मिळत नाहीत ही बायकोची, एलनची, तक्रार त्यामागे होती असं सांगतात. आधी पुरुषांचे आणि मुलांचे कपडे, दोन-चार वर्षांत बायकांचेही. जाड कागद टपालाने पाठवायला गैरसोयीचा, म्हणून पातळ टिश्यू कागद आला, आणि घडी घातलेल्या पाकिटाचा जो धंदा सुरू झाला तो आजही त्याच रूपात चालू आहे.

या धंद्याचा पाया ग्रेडिंग. कंपनी एका मापाचं शरीर धरते, त्यावर कपडा बसवते, आणि त्या एका कागदावरून ठरलेल्या हिशेबाने बाकीची मापं वर-खाली काढते. १२चा १४ करताना छाती दोन इंचांनी वाढते आणि तिच्याबरोबर खांदा, गळा, मुंढा, पाठीची रुंदी, बाहीचा घेर हे सगळंच थोडं थोडं वाढतं. पोळी लाटताना जशी सगळीकडून सारखी पसरते तसं शरीर पसरतं असं ग्रेडिंगने गृहीत धरलेलं आहे. धंदा म्हणून हे अटळच होतं. लाखो बायकांसाठी वेगवेगळे कागद कोण काढणार?

आपल्याकडच्या शिवणक्लासात वेगळ्या वाटेने हीच गोष्ट घडते. कोणत्याही क्लासात अर्धा तास बसा, फळ्यावर छातीचे भाग पाडलेले दिसतील. गळ्याची रुंदी छातीचा बारावा भाग, मुंढ्याची खोली छातीच्या चौथ्या किंवा सहाव्या भागावरून, मग त्यात अमुक इतके सूत मिळवा किंवा वजा करा. के. आर. झारापकर यांच्या ‘झारापकर सिस्टिम ऑफ कटिंग’वर मराठी शिंप्यांच्या आणि शिवणशिक्षकांच्या पिढ्या वाढल्या. क्लास कोणताही असो, लांबी आणि खांदा अंगावरून घेतात, बाकी बरंच छातीवरून काढतात. टेपने प्रत्येक वळण मोजता येत नाही, तेव्हा भागाकाराला पर्याय नसतो.

अडचण कुठे येते ते पाहा. लग्नात ३४ छाती असलेल्या बाईची दोन बाळंतपणांनंतर ३८ झाली. छातीच्या बाराव्या भागाने तिच्या अर्ध्या गळ्याची रुंदी पावणेतीनच्या किंचित वर होती, ती आता सव्वातीनच्या जवळ गेली. दोन्ही बाजू मिळून गळा पाच सुतांहून जास्त रुंद झाला. तिची मान आणि गळपट्टीचं हाड मात्र लग्नातल्यासारखंच आहे. ब्लाउज खांद्यावरून घसरतो, आतली पट्टी दिसते, आणि ती शिंप्याला म्हणते, ‘माप नीट घेत जा हो.’ माप त्याने बरोबरच घेतलेलं असतं.

अंगावर मांस चढतं ते छातीला, पोटाला, दंडाला, सीटला. मान, खांद्याची रुंदी, गळपट्टी, पाठीची वरची फळी विशीनंतर फारशी बदलत नाही. कपडा लटकतो तो याच भागावर. म्हणून कागदाचा नंबर या हाडाळ भागावरून निवडावा आणि मांसल भागाचा हिशेब त्या कागदावर वेगळा करावा. मला विचाराल तर पॅटर्नच्या मापाची सगळी विद्या एवढीच आहे. बाकी तपशील, पण तपशिलातच कपडा बिघडतो, म्हणून तो लांबण लावून सांगणं भाग आहे.

पहिला तपशील टेपचा. माप स्वतःचं स्वतः घेऊ नये. हात वर केला की छाती बदलते आणि पाठीमागे टेप खाली उतरलेली दिसत नाही. कुणाला तरी बोलवावं. पंजाबी ड्रेसवरून माप घेणं म्हणजे ड्रेसचं माप घेणं. जी ब्रा त्या कपड्याखाली घालायची तीच घालून, टेप जमिनीला समांतर ठेवून छाती घ्यावी. मग आपल्याकडे ब्लाउजखेरीज फारसं न घेतलं जाणारं माप: वरची छाती, क्लासच्या भाषेत अप्पर चेस्ट. टेप काखेखालून, छातीच्या उंचवट्याच्या वरून जाते. पाठीवर ती खवाट्यांवरून गेली पाहिजे. या मापात मांस कमी, बरगड्या आणि पाठ जास्त. मोठ्या अमेरिकन कंपन्यांचे कागद बी कपचं शरीर धरून काढलेले असतात. म्हणजे छाती आणि वरची छाती यांत साधारण दोन इंचांचा फरक. तुमचा फरक अडीच इंच किंवा जास्त असेल, तर छातीच्या रकान्यात छातीऐवजी वरच्या छातीचा आकडा शोधा, असा सल्ला या कंपन्याही देतात. ‘फिट फॉर रिअल पीपल’ हे पुस्तक ज्यांच्या घरातून आलं त्या पामर-प्लेट्श या शिकवण्याच्या घराण्याचा तर हा मूळमंत्र आहे.

हिशेबी वाचकाला इथे शंका येईल. बी कपच्या कागदात ज्या बाईची छाती ३८ धरली आहे तिची वरची छाती ३६च असणार. मग ३६ वरच्या छातीवाल्या बाईने ३८चा, म्हणजे १६ नंबर घ्यायला हवा. हा नियम तिला १४ का देतो? शंका रास्त आहे. नियम जाणूनबुजून एक घर लहानाकडे झुकलेला आहे, कारण रुंदी वाढवायला बाजूच्या शिवणी आहेत आणि खांदा कमी करायला काही नाही. तरीही मन मानत नसेल तर नॅन्सी झीमनची कसोटी लावावी. १९८२ पासून पुढे अनेक वर्षं अमेरिकन दूरचित्रवाणीवर ‘सोइंग विथ नॅन्सी’ चालवणाऱ्या या बाईंनी छाती बाजूलाच ठेवली. हात सरळ खाली सोडले की काखेपाशी जिथे घडी पडते, त्या घडीपासून पलीकडच्या घडीपर्यंत, छातीच्या वरून, सरळ आडवं माप घ्यायचं. १४ इंच आलं तर नंबर १४. प्रत्येक अर्ध्या इंचाला एक नंबर वर किंवा खाली. साडेतेरा आलं तर १२, साडेचौदा आलं तर १६. लक्षात ठेवायला इतकी सोपी कसोटी शिवणकामात दुसरी मी पाहिलेली नाही.

एक बाई घेऊ. छाती ४०, वरची छाती साडेछत्तीस, कंबर ३४, सीट ४२, काखेच्या घड्यांमधलं अंतर १४. तक्ता छातीवरून तिला १८ म्हणतो, सीटवरून १८, कंबरेवरून २०. ही बाई १८ किंवा २० कापेल आणि तिच्या मानेभोवती दोन बोटं जागा राहील. वरच्या छातीवरून आणि नॅन्सीबाईंच्या कसोटीवरून ती १४ आहे. दोन्ही खरं आहे. हल्लीचे कागद बहुमापी असतात, एकावर एक सगळ्या नंबरांच्या रेषा छापलेल्या, तेव्हा तिने एकच नंबर निवडायची गरजच नाही. गळा, खांदा, मुंढा १४च्या रेषेवर. काखेखालून बाजूची रेषा हलकेच बाहेर नेत कंबरेला २०ला मिळवायची, तिथून सीटला १८वर आणायची. बाही मुंढ्याबरोबर जाते, म्हणून १४ची. दंड जाड असेल तर बाहीला वेगळी रुंदी द्यायची.

उरली छाती. १४ नंबरच्या तक्त्यात छाती ३६, बाईची ४०. चार इंच कमी. हे चार इंच पाठीला नको आहेत, पुढे हवे आहेत. म्हणून फक्त पुढच्या भागाचा कागद घ्यायचा. छातीच्या टोकाची जागा त्यावर खुणावायची, कंबरेकडून त्या टोकापर्यंत आणि तिथून मुंढ्यापर्यंत कागद कापायचा, मुंढ्याच्या काठाशी जेमतेम जोडलेला ठेवायचा, आणि कापलेली बाजू बिजागरीवर फिरवल्यासारखी दोन इंच उघडायची. दुसऱ्या बाजूच्या टक्सच्या रेषेवरही काप देऊन कागद सपाट होऊ द्यायचा. पुढचा भाग घडीवर अर्धाच काढलेला असतो, म्हणून चाराचे दोन. उघडलेल्या फटीखाली दुसरा कागद चिकटवायचा, टक्स खोल झालेला दिसेल, खालची कड एकसारखी करायची. गळा आणि खांदा जागचे हललेले नसतात. इंग्रजीत या कारवाईचं संक्षिप्त नाव एफबीए, आणि पहिल्यांदा करताना हात थरथरतो हे मी नाकारणार नाही. पण कटोरी ब्लाउज शिकलेल्या बाईला यात नवीन काही नाही. कटोरीच्या तुकड्यात ती हेच करत असते: वरचा भाग तोच ठेवून खोली वाढवायची. प्रिन्सेस कट असेल तर कामच सोपं, कारण उभ्या शिवणीतच वाढ देता येते.

आता त्या अपमानास्पद नंबराकडे. ३४ छातीला दुकानात सहा आणि कागदावर बारा, हे कसं? १९३०-४०च्या दशकांतल्या अमेरिकन पॅटर्नवर ३४ छातीचा नंबर १६ होता. १९५६च्या सुमारास तो १४ झाला. १९६७-६८ मध्ये कंपन्यांनी ‘न्यू सायझिंग’ असा शिक्का मारून पुन्हा बदल केला, तेव्हा तो १२ झाला, आणि तिथेच थांबला. तयार कपड्यांची दुकानं मात्र थांबली नाहीत. बाईला छोटा आकडा आवडतो, छोटा आकडा लावलेला कपडा जास्त खपतो, हे त्यांना कळलं होतं. १९९५च्या अमेरिकन मापतक्त्यात ३४ छातीपुढे ६ आहे. म्हणजे कागद जिथल्या तिथे राहिला आणि दुकान खुशामत करत पुढे गेलं. कागदावरचा १२ वाचून खट्टू होणाऱ्या बाईला तिच्या आजेसासूच्या काळात सोळा म्हटलं असतं. जुन्या वस्तूंच्या बाजारातून साठ वर्षांपूर्वीचं पाकीट आणलं तर म्हणूनच त्यावरचा नंबर वाचूच नये, इंच वाचावेत.

या आकड्यांना शास्त्राचा आधार देण्याचा एक मोठा प्रयत्न झाला होता, आणि तो अमेरिकेच्या शेतकी खात्याने केला. गृहविज्ञानाचं कार्यालय त्या खात्यात होतं, म्हणून. १९३९-४० मध्ये रुथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांच्या देखरेखीखाली सुमारे पंधरा हजार बायकांची प्रत्येकी ५९ मापं घेतली गेली. अहवाल १९४१ला आला. बायका स्वेच्छेने आल्या, थोडेसे पैसेही दिले गेले. मंदीचा काळ, त्या पैशांची ज्यांना गरज होती त्या अधिक आल्या असणार हे उघड आहे. गोऱ्या नसलेल्या बायकांची मापं अंतिम हिशेबातून काढून टाकली गेली. निष्कर्ष मात्र प्रामाणिक होता: बायकांचे आकार इतके वेगवेगळे आहेत की एका मापावरून दुसरं ओळखता येत नाही, आणि त्यातल्या त्यात भरवशाची जोडी म्हणजे उंची आणि वजन. आता दुकानात काट्यावर कोण उभी राहणार? १९५८ला जे सरकारी प्रमाण निघालं ते पुन्हा छातीवरच उभं राहिलं. नंबर ८ ते ३८, त्याला उंचीसाठी अक्षर आणि सीटसाठी अधिक-उणे चिन्ह. ही अधिक-उण्याची कल्पना मला अजूनही हुशारीची वाटते, पण बाजारात ती टिकली नाही. १९८३ मध्ये प्रमाणच मागे घेतलं गेलं.

जर्मन पद्धत कोरडी आणि म्हणून बरी. एन्ने बुर्डा यांनी ऑफेनबुर्गहून १९५०ला सुरू केलेल्या मासिकातून पॅटर्नचे तक्ते येतात. एका मोठ्या कागदावर अनेक कपड्यांच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या, रेल्वेच्या नकाशालाही लाजवतील अशा. त्यातला नंबर हिशेबाने येतो: छाती सेंटिमीटरमध्ये, तिच्या निम्मे, त्यातून सहा वजा. ८८ छाती म्हणजे ३८. खुशामत नाही, गूढही नाही. पण तिथे दुसरा सापळा आहे. अमेरिकन पाकिटातल्या कागदात शिवणीची माया, पाच सूत, धरलेली असते. बुर्डाच्या मासिकातल्या तक्त्यात ती नसते, आपण सोडायची. हे न वाचता कापलेला कपडा प्रत्येक शिवणीला दोन्ही बाजूंनी खातो, आणि दोष जातो नंबराला.

उंचीची गोष्ट आपल्या बायकांसाठी छातीइतकीच महत्त्वाची, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. बुर्डाचा नेहमीचा कागद १६८ सेंटिमीटर उंचीसाठी आहे. अमेरिकन मिसेस मापांची बाई पाच फूट पाच ते सहा इंच. भारतीय बाईची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास. हे पंधरा-सोळा सेंटिमीटर सगळे पायांत नसतात. त्यातले काही मानेच्या हाडापासून कंबरेपर्यंतच्या पाठीत असतात. १२ नंबरच्या कागदात ही पाठ सव्वासोळा इंच, १४मध्ये साडेसोळा. तुमची साडेचौदा असेल तर कंबरेची शिवण सीटवर येते, तिथे घेर कमी पडतो, आणि बाई म्हणते कपडा घट्ट झाला, एक नंबर वरचा घ्यायला हवा होता. वरच्या नंबरात पाठ आणखी पाव इंच लांब असते. कागदावर छापलेल्या ‘इथे लांब किंवा आखूड करा’ या दुहेरी रेषेवर चुणी घालून पाठ आधी आखूड केली असती, तर घट्टपणा आपोआप गेला असता. काहींना छातीच्या वर, मुंढ्यातही अर्धा इंच चुणी घालावी लागते; मग बाहीच्या डोक्यातूनही तेवढंच कमी करायचं. कंपन्या बुटक्या बायकांसाठी वेगळी मापं काढतात, पण थोड्याच कपड्यांत. चुणी घालायला शिकलेलं बरं.

मग येते मोकळीक, आणि इथे मराठी बाईचं आणि पाश्चात्त्य कागदाचं खरं भांडण आहे. आपल्या डोळ्यात ‘फिटिंग’ म्हणजे साडीचा ब्लाउज. अस्तर लावलेला, हुकांनी मिटणारा, अंगाहून अर्धा-एक इंच जास्त, कधी तेवढाही नाही. त्याच डोळ्यांनी शर्टाचा किंवा झग्याचा कागद पाहिला की सगळं ढगळ वाटतं. कंपन्यांची परिभाषा ठरलेली आहे: छातीवर जवळपास तीन इंचांपर्यंत मोकळीक म्हणजे अंगासरशी, तीन ते चार म्हणजे फिट, चार ते पाच अर्धवट फिट, पाच ते आठ सैल, त्यापुढे फार सैल. जॅकेटचे आकडे आणखी मोठे. पाकिटावर कपड्याचं वर्णन वाचलं की हे शब्द सापडतात, आणि टिश्यूवर छातीच्या उंचीला वर्तुळात अधिकचं चिन्ह काढून तयार कपड्याचं माप छापलेलं असतं. ते आकडे कुणी वाचत नाही, हे आश्चर्य. ‘नंबर कितीचा घेऊ’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे छापलेलं आहे. तयार माप वजा अंगाचं माप, उरेल ती मोकळीक. ती आवडत नसेल तर कागद बदलावा, नंबर नाही. सैल कपड्याचा कागद दोन नंबर खाली घेऊन तंग करता येईल असं वाटतं, पण त्यात खांदा आणि पाठ हाडापेक्षा अरुंद होतात आणि हात पुढे केला की पाठीची शिवण करकरते.

मुंढ्याबद्दल आपल्या शिंप्यांना जे कळलं आहे ते पाश्चात्त्य पुस्तकं आवर्जून शिकवतात. मुंढा जितका काखेला चिकटून, तितका हात मोकळा. ब्लाउज एवढा तंग असून बाई त्यात वरच्या फळीवरचा डबा काढते, कारण मुंढा वर असतो. खोल मुंढ्याच्या कपड्यात हात उचलला की सगळा कपडाच वर येतो. मोठा नंबर म्हणजे खोल मुंढा. हालचालीला सोपा म्हणून एक नंबर वरचा घेणारी बाई नेमकी हालचालच गमावते.

होजिअरीच्या कापडाचं गणित उलटं. तिथे तयार माप अंगापेक्षा कमीही असू शकतं. पाकिटाच्या कडेला एक पट्टी छापलेली असते: कापडाची चार इंचांची घडी इथपर्यंत ताणली गेली पाहिजे. दुकानात पाकीट नेऊन कापड ताणून बघावं. दुकानदार बघतो, बघू दे.

सलवार-पँटला छाती सोडून सीटचा नंबर धरावा, कंबर नंतर जुळवावी. घेरदार स्कर्टला उलट, कंबर धरावी. सीटला जागा असतेच. पँटचा खरा प्रश्न आसनाच्या खोलीचा आणि वळणाचा आहे, त्यावर स्वतंत्र लेख लागेल.

हल्ली पाकिटाऐवजी फाइल विकत घेता येते. छोट्या, एकेका बाईने चालवलेल्या कंपन्या निघाल्या. कॅशमेरेटसारखी कंपनी एकाच नंबरात वेगवेगळ्या कपांचे पुढचे भाग देते, म्हणजे वर सांगितलेली कापाकापी करून झालेली असते. अमेरिकेतली जोअ‍ॅन ही शिवणसामानाची साखळी २०२५ मध्ये सगळी दुकानं बंद करून गेली, त्यामुळे तिथल्या बायकाही आता फाइलींवर आल्या आहेत. आपल्याकडे ही फाइल कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाते, आणि तिथे मापाचा नवाच घात होतो. त्याच्या यंत्रावर ‘पानात बसव’ हे कायम चालू असतं. शंभराचं सत्त्याण्णव टक्के झालं तरी डोळ्याला कळत नाही, पण चाळीस इंचांच्या कपड्यात सव्वा इंच जातो. प्रत्येक फाइलीच्या पहिल्या पानावर मोजायचा चौकोन दिलेला असतो. तेवढं एकच पान आधी काढून, पट्टी लावून, मग बाकीची तीस पानं काढायला सांगावीत.

एवढं करूनही कापडाला कात्री लावू नये. दोन पायऱ्या बाकी आहेत. पहिली, कागद मोजायचा: माया आणि टक्स सोडून, शिवणीपासून शिवणीपर्यंत. दुसरी, मांजरपाट. परदेशातल्या पुस्तकांत मस्लिन म्हणतात ते हेच, आणि आपल्याकडे ते अजून स्वस्त आहे. मोठा टाका घालून बाहीशिवाय नुसतं धड शिवायचं, उभ्या धाग्याची रेषा पेन्सिलीने काढून ठेवायची. घातल्यावर सुरकुत्या बोलतात. छातीच्या टोकाकडे जाणाऱ्या तिरक्या ओढी म्हणजे पुढे जागा कमी. मानेमागे आडवी वळकटी म्हणजे पाठ लांब, किंवा खांद्याचा उतार चुकला. काखेपाशी सैल घडी उभी राहिली तर नंबर मोठा झाला. दुरुस्ती मांजरपाटावर खडूने करायची, तिथून कागदावर न्यायची. जुनी चादर चालते. ताणलेला टी-शर्ट चालत नाही.

हे सगळं टाळायचा आपला शतकाचा उपाय म्हणजे मापाचा ब्लाउज. शिंप्याकडे जाताना पिशवीत नवं कापड, अस्तर आणि एक जुना, बरा बसणारा ब्लाउज. पुरुष शिंप्यापुढे टेप लावून उभं राहायला नको, हा त्यात मोठा सोयीचा भाग होता. शिंपी तो सपाट पसरतो, पालथा घालतो, मोजतो. पद्धत वाईट नाही; ती माप घेते ती मोकळिकीसकट. पण मापाचा ब्लाउज आपले दोषही पुढे देतो. त्याचा खांदा अर्धा इंच उतरलेला असेल तर पुढचे सगळे ब्लाउज उतरलेल्या खांद्याचे होतात. धुऊन धुऊन ताणलेली बाही, दोनदा सोडलेली माया, एका बाजूला सरकलेला हुक, सगळं नव्या कापडात उतरतं. पॅटर्न निवडायला मात्र तो उत्तम. त्याचा खांदा आणि मुंढा मोजून कागदाच्या खांद्याशी ताडून पाहिला तर टेपने चुकलेलं सापडतं.

आपल्या बाजारात ब्लाउजचे तयार कागद मिळतात, २८ पासून ४२-४४ पर्यंत. इथे नंबर म्हणजे सरळ इंच. तेवढ्यापुरतं बरं आहे. फक्त ३६ हा अंगाचा आकडा आहे की तयार ब्लाउजचा हे विकणाऱ्याला विचारावं, आणि तो ठामपणे सांगेल तरी कागद मोजावा. हे कागदही छातीवरूनच काढलेले. बारीक खांद्याच्या आणि भरलेल्या छातीच्या बाईला त्यातही दोन नंबरांत राहावं लागतं.

भारतीय शरीराचा आपला तक्ता आजवर नव्हता. तयार कपड्यांचे स्मॉल-मीडियम-लार्ज आपण ब्रिटन-अमेरिका-युरोपच्या तक्त्यांतून उचलून वाकवले. वस्त्रोद्योग मंत्रालयाने निफ्टकडे सोपवलेल्या इंडियासाइझ प्रकल्पात कोलकाता, मुंबई, दिल्ली, हैदराबाद, बंगळूरु आणि शिलाँग अशा सहा शहरांत, १५ ते ६५ वयाच्या पंचवीस हजारांवर स्त्री-पुरुषांची मापं त्रिमिती स्कॅनरने घ्यायचं ठरलं. टेप नाही, स्पर्श नाही, क्षणभर स्थिर उभं राहायचं. यातून येणारी मापं दुकानांना फार उपयोगी पडतील. घरी शिवणारीला किती, याबद्दल मी साशंक आहे. तक्ता शिलाँगच्या आणि मुंबईच्या बाईची सरासरी काढेल, आणि सरासरी बाई कुठेच राहत नाही. एक फायदा मात्र नक्की: पाठीची लांबी आपली असेल.

दिवाळी तोंडावर आली की घरोघर मुलींच्या फ्रॉकची आणि परकर-पोलक्याची बेरीज-वजाबाकी सुरू होते. मुलांच्या पॅटर्नवरचा नंबर वयासारखा दिसतो, म्हणून सहा वर्षांच्या मुलीला सहा नंबर घेतला जातो. तो नंबर वयाचा नाही. छाती आणि उंची पाहावी. युरोपातले कागद तर थेट उंचीच देतात, १०४, ११०, ११६ सेंटिमीटर, आणि एका नंबरात सहा सेंटिमीटर वाढ. आपल्या मुली बहुधा उंचीला एका नंबरात आणि छातीला त्याच्या खालच्या नंबरात निघतात. आईला कपडा वाढत्या अंगाचा हवा असतो, आजीला त्याहून वाढत्या. वाढ द्यायची ती लांबीत. परकराला तीन इंचांची दुमड, तिच्या वर एक-दोन आडव्या चुण्या, दरवर्षी एक उसवायची. पोलक्याच्या बाजूला इंचभर माया. खांदा आणि गळा मात्र यंदाच्याच मापाचा कापावा, नाहीतर पाडव्याच्या फोटोत मुलीचा एक हात खांद्यावरून घसरलेली बाही वर ओढताना दिसतो.